वॉल स्ट्रीटचा पैसा आणि अमेरिकेचा अध्यक्ष: देणगीतून नक्की काय मिळतं?

हिशेबनीस

"गोल्डमन सॅक्सने ओबामांना दहा लाख डॉलर दिले", "बँकांनी रॉम्नींची तिजोरी भरली" अशी वाक्यं अमेरिकेच्या निवडणुकीच्या मोसमात सगळीकडे फिरतात. ती ज्या अर्थाने घेतली जातात त्या अर्थाने खरी नाहीत. आणि जे खरं आहे ते मला त्याहून जास्त काळजीचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मूळ नियम. अमेरिकेत कुठलीही राष्ट्रीय बँक किंवा कंपनी अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या प्रचार समितीला आपल्या खात्यातून एक डॉलरही देऊ शकत नाही. हा नियम १९०७ चा आहे. तो का करावा लागला, हे बघण्यासारखं आहे.

१८९६ ची निवडणूक. रिपब्लिकन विल्यम मॅकिन्ली विरुद्ध डेमोक्रॅट विल्यम जेनिंग्ज ब्रायन. शेतमालाचे भाव कोसळलेले, शेतकरी कर्जात बुडालेला. ब्रायन यांचं म्हणणं असं की चलन नुसतं सोन्याला बांधून ठेवू नका, चांदीची नाणीही मोकळेपणाने पाडू द्या, म्हणजे बाजारात पैसा खेळेल आणि कर्जाचा बोजा हलका होईल. ज्यांची कर्जं बाहेर होती त्या बँकांना यामुळे घाम फुटला. मॅकिन्लींचे सूत्रधार मार्क हॅना, क्लीव्हलंडचे उद्योगपती. त्यांनी देणगीसाठी हात पसरला नाही, सरळ पट्टी बसवली: प्रत्येक बँकेने आपल्या भांडवलाच्या पाव टक्का रक्कम द्यायची. एकट्या स्टँडर्ड ऑइलने अडीच लाख डॉलर दिले. अधिकृत जमा सुमारे ३५ लाख डॉलर झाली, आणि ती त्या काळी अफाट होती. ब्रायन रेल्वेने हजारो मैल गावोगाव फिरले, मॅकिन्ली ओहायोतल्या कँटन गावी आपल्या घराच्या ओसरीवरून भाषणं देत राहिले आणि जिंकले.

पुढे १९०५ साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने आयुर्विमा कंपन्यांची चौकशी लावली. आर्मस्ट्राँग समिती म्हणतात ती हीच. समितीचे वकील होते चार्ल्स इव्हान्स ह्यूझ. चौकशीत बाहेर आलं की १९०४ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रचारासाठी न्यूयॉर्क लाइफ कंपनीचे ४८ हजारांहून अधिक डॉलर गेले होते. कंपनीचे उपाध्यक्ष जॉर्ज पर्किन्स यांनी ते आधी स्वतः भरले आणि मागाहून कंपनीकडून वसूल केले. पर्किन्स त्याच वेळी जे. पी. मॉर्गनच्या पेढीचे भागीदारही होते. लोक खवळले ते यासाठी, की विमा कंपनीचा पैसा म्हणजे पॉलिसीधारकांचा पैसा. आपल्यामागे बायकापोरांचं काय, या धास्तीने हप्ता भरणाऱ्या माणसाला न विचारता त्याचा पैसा एका पक्षाच्या पेटीत पडला होता. खुद्द रूझवेल्ट यांनीच मग काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, बंदीची मागणी केली आणि १९०७ चा टिलमन कायदा झाला.

आता आजचं. उमेदवाराला पैसे देतात त्या व्यक्ती, आणि त्यांना मर्यादा आहे. २००८ मध्ये प्रत्येक निवडणुकीमागे २,३०० डॉलर होती, २०२४ मध्ये ३,३०० झाली. पक्षांतर्गत फेरी वेगळी आणि मुख्य निवडणूक वेगळी, म्हणजे २०२४ ला एका माणसाचे जास्तीत जास्त ६,६०० डॉलर. एकूण देणगी २०० डॉलरच्या वर गेली की देणाऱ्याचा मालक कोण आणि व्यवसाय काय, हे प्रचार समितीला नोंदवावं लागतं. या नोंदी मालकाच्या नावाने एकत्र केल्या की "गोल्डमन सॅक्स: दहा लाख" असा आकडा तयार होतो. तो तिथल्या नोकरदारांच्या, भागीदारांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या वैयक्तिक देणग्यांचा असतो. २००८ मध्ये ओबामांच्या यादीत गोल्डमन अगदी वर होती. २०१२ मध्ये ओबामांविरुद्ध उभे राहिलेल्या रिपब्लिकन मिट रॉम्नींच्या यादीतली पहिली पाच नावं गोल्डमन सॅक्स, बँक ऑफ अमेरिका, मॉर्गन स्टॅन्ली, जेपी मॉर्गन चेस आणि वेल्स फार्गो अशी होती. पाचही बँका.

हे वरवर निरुपद्रवी वाटतं. एका माणसाचे दोनतीन हजार डॉलर, त्यात काय मोठंसं? पण ही वैयक्तिक देणग्यांची वाट आता सगळ्यात अरुंद आहे. रुंद वाटा तीन.

एक, गोळा करून देणारे. त्यांना बंडलर म्हणतात. स्वतःचा चेक लहान, पण कचेरीतल्या, क्लबातल्या, नातेवाइकांतल्या शंभर जणांचे चेक त्यांच्या नावावर जमा धरले जातात. धाकट्या बुश यांनी २००० मध्ये एक लाख डॉलर जमवणाऱ्याला "पायोनियर" ही पदवी दिली आणि २००४ मध्ये दोन लाख जमवणाऱ्याला "रेंजर". २००० मध्ये बुश यांच्या यादीत सर्वांत वर एमबीएनए होती, क्रेडिट कार्डं देणारी डेलावेअरमधली बँक. २००५ मध्ये दिवाळखोरीचा कायदा कडक झाला, सामान्य माणसाला कार्डाचं कर्ज झटकून टाकणं अवघड झालं, आणि त्यावर सही बुश यांचीच होती. त्या कायद्यासाठी कार्ड कंपन्या कित्येक वर्षं खटपट करत होत्या.

दोन, संयुक्त निधी समित्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मॅकचन खटल्यात एका माणसाच्या एकूण देणग्यांवरची कमाल मर्यादा काढून टाकली. आता एकच मोठा चेक घ्यायचा आणि तो उमेदवार, राष्ट्रीय पक्ष आणि डझनावारी राज्य शाखांत वाटून टाकायचा. एप्रिल २०२४ मध्ये हेज फंडवाले (हेज फंड म्हणजे श्रीमंतांचा आणि संस्थांचा पैसा घेऊन जोखमीची गुंतवणूक करणारा फंड) जॉन पॉलसन यांनी पाम बीचला ट्रम्प यांच्यासाठी जेवण ठेवलं. वरच्या रांगेतल्या खुर्चीचा भाव आठ लाख डॉलरांहून अधिक होता, आणि एका संध्याकाळची जमा प्रचाराने ५ कोटी ५ लाख डॉलर सांगितली.

तीन, सुपर पॅक. २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेड खटल्याचा निकाल लागला आणि दोनच महिन्यांत स्पीचनाऊ खटल्याचा. तेव्हापासून उमेदवारापासून "स्वतंत्र" राहून खर्च करणाऱ्या संस्थांना, म्हणजेच सुपर पॅकना, कितीही पैसा घेता येतो, कंपन्यांचासुद्धा. १९०७ च्या भिंतीला पाडलेलं हे दार. पिट्सबर्गच्या जुन्या बँकर घराण्याचे वारस टिमथी मेलन यांनी २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या बाजूच्या सुपर पॅकला १५ कोटी डॉलर दिले. एका माणसाने. मार्क हॅनांनी देशभरातल्या बँकांवर पट्टी बसवून जे जमवलं, त्याच्याशी महागाई धरूनही तुलना करून बघा.

मला मांडायचा प्रश्न हा: एवढा पैसा ओतून वित्त क्षेत्राला काय मिळतं? आपला माणूस निवडून येतो, असं उत्तर बहुतेक जण देतात. मला ते पटत नाही.

कोकणकडा

लेख आवडला, पण शेवटी जो प्रश्न टाकलात त्यावरून तर मला वाटतं सगळी काळजीच अनाठायी आहे. पैशाने अमेरिकेत अध्यक्ष होता येत नाही, याचे पुरावे ढिगाने आहेत.

रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतले जेब बुश यांच्या सुपर पॅककडे २०१६ मध्ये १० कोटी डॉलरांहून जास्त रक्कम होती, त्यात वॉल स्ट्रीटचा वाटा मोठा. साउथ कॅरोलायनाच्या फेरीनंतर गडी घरी. त्याच वर्षी हिलरी क्लिंटन यांच्याकडे ट्रम्प यांच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा होता, हेज फंडवाले डोनाल्ड ससमन आणि जॉर्ज सोरोस त्यांच्या बाजूने होते. हरल्या. २०२० मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांनी स्वतःचे १०० कोटींच्या वर घातले. आधी सालोमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक, नंतर बँकांना आकडे पुरवणारी स्वतःची कंपनी, म्हणजे माणूस त्याच जगातला. जिंकले काय, तर पॅसिफिकमधली चिमुकली अमेरिकन सामोआ बेटं.

२०१२ चे रॉम्नी तर स्वतः बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीचे. पाच बँकांची नावं तुम्हीच दिलीत. ते कुठे जिंकले?

मतदार मूर्ख नसतो. पैसेवाल्यांनी पैसे उधळावेत, त्यातून जाहिरातवाल्यांची पोटं भरतात.

माळढोक

कोकणकडा, अध्यक्ष होता येत नाही हे मान्य. पण मी पुण्यात बसून हे वाचतोय आणि मला आपले इलेक्टोरल बाँड आठवतात. २०१७ च्या वित्त कायद्याने कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा उठवली आणि देणाऱ्याचं नावही झाकलं. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ती योजना घटनाबाह्य ठरवली, स्टेट बँकेला याद्या द्यायला लावल्या, तेव्हा कुठे कोणी किती दिलं ते कळलं. तोवर आपण सगळे अंधारात होतो.

अमेरिकेत निदान चेकवरचं नाव सरकारी संकेतस्थळावर येतं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हिशेबनीस, तिथे नाव लपवायला काहीच वाट नाही का?

हिशेबनीस

माळढोक, आहे. सुपर पॅकला देणाऱ्यांची नावं द्यावी लागतात, पण "समाजकल्याण" या नावाखाली नोंदवलेल्या ना-नफा संस्था असतात, त्यांना देणगीदार जाहीर करावे लागत नाहीत. ती संस्था सुपर पॅकला पैसे देते आणि यादीत नाव फक्त संस्थेचं येतं. याला तिथे डार्क मनी म्हणतात.

कोकणकडा, तुमचं एकेक उदाहरण बरोबर आहे आणि माझ्या मुद्द्याला ते बळच देतं. पैसे घेऊन हरलेल्यांची यादी एवढी लांब असताना हे लोक, जे पैशाच्या बाबतीत जगात सगळ्यात चोख मानले जातात, दर चार वर्षांनी आणखी मोठा चेक का लिहितात? उधळपट्टी हा त्यांचा स्वभाव नाही. ते विजय विकत घेत नाहीत. विजेता कोणीही असो, त्याच्या खोलीत बसण्याची जागा घेतात.

ही खोली कशी असते ते एकदा जगाने पाहिलं. मे २०१२, फ्लोरिडातलं बोका रॅटन. प्रायव्हेट इक्विटीतल्या (दुसऱ्यांच्या पैशातून कंपन्या विकत घेऊन पुढे विकण्याचा धंदा) एका धनिकाचं घर, जेवणाचं ताट ५०,००० डॉलरांचं. रॉम्नी त्या पाहुण्यांना सांगत होते की देशातले ४७ टक्के लोक काहीही झालं तरी ओबामांनाच मत देणार, ते सरकारवर अवलंबून आहेत, त्यांची चिंता करणं माझं काम नाही. पेयं देणाऱ्या माणसाने ते गुपचूप टिपलं आणि सप्टेंबरमध्ये सगळ्या देशाने ऐकलं. लोकांनी त्यात रॉम्नींचा उद्दामपणा पाहिला. मला त्यातलं दृश्य जास्त बोलकं वाटतं: समोर बसलेले, ताटाचे पैसे मोजलेले लोक, आणि त्यांना ऐकायला आवडेल असं बोलणारा उमेदवार. अशी जेवणं दोन्ही पक्षांची, प्रचाराच्या काळात आठवड्याला कित्येक होतात. उमेदवाराचे कान महिनोन्‌महिने त्याच टेबलांपाशी असतात. ओहायोतल्या बंद कारखान्यातल्या कामगाराशी तो हात मिळवतो, पण त्याच्याशेजारी दोन तास जेवत नाही.

सांजवारा

मी बॉस्टनमध्ये एका गुंतवणूक व्यवस्थापन कंपनीत कंप्लायन्समध्ये, म्हणजे नियमपालन विभागात, काम करते. आतली बाजू सांगते, कारण बाहेर फारशी कोणाला माहीत नसते.

आमच्याकडे कर्मचाऱ्याला राजकीय देणगी द्यायची असेल तर आधी परवानगी लागते. अंतर्गत प्रणालीत अर्ज भरायचा: कोणाला, किती, उमेदवार सध्या कुठल्या पदावर आहे, आणि तुम्हाला त्याला मत देण्याचा हक्क आहे का. महत्त्वाचं उत्तर तिसऱ्या प्रश्नाचं. उमेदवार अध्यक्षपदाला उभा असला तरी आम्ही बघतो तो आज काय आहे.

कारण असं. राज्यांचे पेन्शन फंड आमच्यासारख्या कंपन्यांकडे पैसे गुंतवायला देतात. ते काम कोणाला द्यायचं यात गव्हर्नरचा, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाचा, हात असतो. पूर्वी गव्हर्नरच्या प्रचाराला पैसे द्या आणि फंडाचं काम मिळवा, असे प्रकार झाले. म्हणून रोखे बाजार नियामक एसईसीने २०१० मध्ये नियम केला: ठरावीक हुद्द्याच्या माणसाने अशा अधिकाऱ्याला ३५० डॉलरांपेक्षा जास्त दिले (मत देण्याचा हक्क नसेल तर १५०), तर त्याच्या कंपनीला दोन वर्षं त्या सरकारी फंडाकडून फी घेता येत नाही. काम करत राहा, मोबदला शून्य. एका माणसाच्या पाचशे डॉलरांनी कंपनीचे लाखो जाऊ शकतात.

आता २०१६ बघा. ट्रम्प यांनी उपाध्यक्षपदासाठी माइक पेन्स निवडले, ते इंडियानाचे गव्हर्नर. त्या जोडीला देणगी म्हणजे एका गव्हर्नरला देणगी. गोल्डमन सॅक्सने आपल्या भागीदारांना त्या प्रचाराला पैसे द्यायलाच मनाई केली. क्लिंटन यांच्याबरोबर टिम केन, सिनेटर, तिथे अडचण नाही. २०२४ मध्ये नेमकं उलटं झालं. हॅरिस यांनी ऑगस्टमध्ये टिम वॉल्झ निवडले, ते मिनेसोटाचे गव्हर्नर, आणि मिनेसोटाच्या गुंतवणूक मंडळावर गव्हर्नर स्वतः बसतात. ट्रम्प यांच्याबरोबरचे व्हान्स मात्र सिनेटर. त्या आठवड्यात आमच्या विभागात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ज्यांनी आधी बायडन-हॅरिस म्हणून मासिक देणगी चालू ठेवली होती त्यांना शोधून काढून ती थांबवायला सांगावं लागलं.

सांगायचा मुद्दा हा की नीट आखलेला नियम काम करतो, मी रोज बघते. लोक कुरकुरतात पण पाळतात, कारण शिक्षा खिशाला लागते. "पैसा कुठून तरी वाट काढतोच, नियम करून काय उपयोग" हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही.

नवी_पालवी

सांजवाराताई, फार उपयोगी माहिती. एक साधा प्रश्न. मी जर्सी सिटीत एका बँकेत एच-वन-बीवर आहे. ऑफिसातल्या एका वरिष्ठांनी निधी संकलनाच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलंय, तिकीट अडीचशे डॉलर. गेलं तर चालेल का?

सांजवारा

नाही. तिकिटाचे पैसे म्हणजे देणगीच. परदेशी नागरिकाला अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीसाठी, अगदी शाळा मंडळाच्यासुद्धा, पैसे देता येत नाहीत. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. नवऱ्याने किंवा मित्राने तुमच्या पैशातून त्याच्या नावावर भरणं हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा आहे. ऑनलाइन फॉर्मच्या तळाशी बारीक चौकटी असतात, "मी नागरिक किंवा कायम रहिवासी आहे", "हा माझा स्वतःचा पैसा आहे". लोक न वाचता खूण करतात. तसं करू नका. वरिष्ठांना व्हिसाचं कारण स्पष्ट सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

अटकेपार

इथे सगळे वॉल स्ट्रीटला एकच माणूस समजून बोलताहेत म्हणून लिहितो. लाँग आयलंडवर रेनेसान्स टेक्नॉलॉजीज नावाचा हेज फंड आहे. २०१६ मध्ये त्याचे सह-प्रमुख रॉबर्ट मर्सर आधी रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतले टेड क्रूझ आणि मग ट्रम्प यांच्यामागे होते, कोटींनी पैसा दिला. त्याच फंडाचे संस्थापक जेम्स सायमन्स क्लिंटन यांच्या बाजूच्या सुपर पॅकला कोटींनी देत होते. एकाच छपराखाली. दोघांचा धंदा एक, नफा एक, मतं विरुद्ध. मग "वित्त क्षेत्राला हवं ते" म्हणजे नक्की कोणाला हवं ते?

दुसरं, १९७६ च्या बकली खटल्यात न्यायालयाने प्रचारखर्चावरची मर्यादा रद्द केली, कारण आपलं म्हणणं लाखो लोकांपर्यंत पोचवायला पैसा लागतोच. सरकार जर ठरवायला लागलं की कोणी किती बोलायचं, तर सत्तेत बसलेल्याचंच फावेल. आणीबाणी पाहिलेल्या घरात मी वाढलो, मला हे महत्त्वाचं वाटतं. बँकरलाही नागरिक म्हणून मत आहे, आणि तो ते मांडणार.

शिवाय ओबामांकडे बघा. २००८ ला वॉल स्ट्रीटकडून भरभरून घेतलं आणि २०१० मध्ये बँकांवर निर्बंध आणणाऱ्या डॉड-फ्रँक कायद्यावर सही केली. बँकर चिडून २०१२ मध्ये रॉम्नींकडे गेले. म्हणजे पैशाने ओबामा बांधले गेले नाहीत.

रानजाई

मी न्यूजर्सीत सरकारी शाळेत गणित शिकवते. राजकारणावर सहसा लिहीत नाही, पण सांजवाराताईंचं पेन्शन फंडाबद्दलचं वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या प्रत्येक पगारातून पेन्शनचे पैसे कापले जातात. त्यातला काही भाग प्रायव्हेट इक्विटी आणि हेज फंडांत जातो, कुठे जातो हे मला कोणी विचारत नाही. ते फंड दरवर्षी फी घेतात आणि नफ्यातला हिस्साही. तो फंड चालवणाऱ्याचा पैसा होतो, मग तो त्यातून त्याच्या आवडीच्या उमेदवाराला कोटी कोटी देतो. धाग्यात १९०५ च्या विमा कंपनीची गोष्ट आहे. हप्ता भरणाऱ्याला न विचारता त्याचा पैसा प्रचारात गेला म्हणून देश खवळला आणि कायदा झाला. माझ्या पेन्शनचं आज काय वेगळं आहे? माझ्याशेजारच्या वर्गातली शिक्षिका एका पक्षाची, मी दुसऱ्या. आमच्या दोघींच्या फीमधून कोणाचा प्रचार झाला हे आम्हाला कधीच कळणार नाही.

अटकेपार, तुम्ही म्हणता तसं बँकरला मत आहे. मलाही आहे. मी २०२० मध्ये पंचवीस डॉलर दिले होते आणि ते देताना दोनदा विचार केला होता.

हिशेबनीस

रानजाई, कायद्याच्या दृष्टीने फरक एवढाच की १९०४ मध्ये कंपनीच्या खात्यातून पैसा गेला आणि आज तो आधी व्यवस्थापकाची कमाई होतो, त्यावर कर भरला जातो आणि मग तो जातो. मधली ही एक पायरी कायद्याला पुरते. तुम्हाला ती पुरेशी वाटत नाही हे मला पूर्ण समजतं. आणि "त्यावर कर भरला जातो" म्हणालो तिथेच खरी मेख आहे. अटकेपार, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे, म्हणून नीट लिहितो.

प्रायव्हेट इक्विटी किंवा हेज फंड चालवणारा साधारणपणे दोन प्रकारे कमावतो. गुंतवलेल्या रकमेवर वर्षाला दोन टक्के फी, आणि नफा झाला की त्यातला वीस टक्के वाटा. या वीस टक्क्यांना कॅरीड इंटरेस्ट म्हणतात. खरं पाहता ही त्याच्या कामाची मजुरी आहे, कारण गुंतवलेला पैसा बहुतांशी दुसऱ्यांचा असतो, रानजाईंसारख्यांचा. पण कर लागतो तो मजुरीसारखा नाही, दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यासारखा. पगारावर वरचा दर ३७ टक्के, ह्यावर मूळ दर २० टक्के.

आता ह्या सवलतीचं काय झालं ते बघा. ओबामांनी २००८ च्या प्रचारात ती काढायचं वचन दिलं, आठ वर्षं राहिले, सवलत राहिली. ट्रम्प यांनी २०१५ मध्ये हेज फंडवाल्यांवर जाहीर तोंडसुख घेतलं आणि सवलत बंद करू म्हणाले. क्लिंटनही तेच म्हणत होत्या. म्हणजे २०१६ मध्ये कोणीही जिंकलं तरी ती जायला हवी होती. ट्रम्प यांच्या २०१७ च्या करकायद्यात झालं एवढंच, की मालमत्ता किमान एक वर्ष धरून ठेवण्याची अट तीन वर्षांची झाली. त्या वेळचे अर्थमंत्री स्टीव्हन म्नूशिन, आधी गोल्डमनमध्ये, मग ट्रम्प यांच्या प्रचाराचे निधी प्रमुख. बायडन यांच्या काळात, ऑगस्ट २०२२ मध्ये, ती अट पाच वर्षांची करायचं कलम विधेयकात आलं होतं, आणि अ‍ॅरिझोनाच्या सिनेटर कर्स्टन सिनेमा यांच्या आग्रहाखातर गळालं. सिनेटमध्ये दोन्ही बाजूंची मतं पन्नास-पन्नास, एकीचा नकार पुरेसा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी परत सांगितलं की ही पळवाट बंद करायची. जुलैत प्रचंड करविधेयक मंजूर झालं. सवलत जिथल्या तिथे.

दोन पक्ष, तीन अध्यक्ष, जाहीर वचनं, लोकांचा पाठिंबा, आणि एक कलम काही हलत नाही. मर्सर आणि सायमन्स यांची मतं शंभर गोष्टींत वेगळी असतील. पण दोन्ही बाजूंच्या टेबलावर ह्या धंद्यातली माणसं बसलेली असताना त्या कलमासाठी आपलं राजकीय वजन खर्च करायला कोणीच पुढे येत नाही. मला वित्त क्षेत्राच्या देणग्यांचं फळ इथे दिसतं: जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही, त्यात. विजयी सभेत ते दिसत नाही, वर्तमानपत्रात त्याचा मथळा होत नाही.

डॉड-फ्रँकबद्दल तुमचं बरोबर आहे. २००८ सारखा हाहाकार झाला की लोकांचा रेटा पैशावर मात करतो. ओबामांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण हाहाकार रोज होत नाही, आणि कलमं रोज लिहिली जातात.

सांजवारा

हिशेबनीस यांच्या लेखनाला एक पुरवणी. ती तीन वर्षांची अट प्रायव्हेट इक्विटीला जवळजवळ लागतच नाही, कारण ते कंपनी विकत घेऊन साधारण पाच वर्षं किंवा त्याहून जास्त ठेवतातच. हेज फंडाचे व्यवहार भराभर होतात, त्यांना ती थोडी बोचली. म्हणजे सवलतीचा मुख्य लाभधारक २०१७ मध्ये जवळपास न ओरखडता सुटला.

कोकणकडा

हे कॅरीड इंटरेस्टचं प्रकरण मला इतकं तपशिलात माहीत नव्हतं. विजय आणि कलम यातला फरक पटला.

तरी एक शंका राहते. २०२४ मध्ये सगळ्यात मोठे आकडे वित्त क्षेत्राचे होते का? इलॉन मस्क यांनी २५ कोटी डॉलरांच्या वर घातले, ते गाड्या आणि रॉकेटवाले. क्रिप्टो कंपन्यांच्या फेअरशेक या सुपर पॅकने काँग्रेसच्या लढतींत जो पैसा ओतला त्याने भलेभले हादरले. जुन्या बँका आता मागच्या बाकावर गेल्या असं वाटत नाही?

हिशेबनीस

मस्क यांच्याबद्दल मान्य, तो वेगळाच अध्याय आहे. क्रिप्टोला मी वित्त क्षेत्रातच धरतो, कारण त्यांना हवं होतं तेच: आपल्यावर देखरेख कोणाची आणि किती, हे ठरवण्यात वाटा. आणि मागच्या बाकाचं म्हणाल तर २०२५ च्या मंत्रिमंडळाकडे बघा. अर्थमंत्री स्कॉट बेसेंट, हेज फंडातून आलेले आणि ट्रम्प यांच्यासाठी निधी उभारलेले. वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक, आधी कँटर फिट्झजेराल्ड या वित्त कंपनीचे प्रमुख, तेही मोठे निधी संकलक. डेमोक्रॅटांकडेही हे नवं नाही. बिल क्लिंटन यांचे अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन गोल्डमनमधून आले आणि नंतर सिटीग्रुपमध्ये गेले.

आणखी एक वाट राहिली. निवडून आल्यानंतर शपथविधीचा सोहळा होतो, त्याची वेगळी समिती असते. तिला कंपनी थेट स्वतःच्या खात्यातून, कितीही पैसे देऊ शकते. १९०७ चा कायदा तिथे लागू नाही, कारण निवडणूक संपलेली असते. ट्रम्प यांच्या २०१७ च्या समितीने १० कोटी ७० लाख डॉलर जमवले, २०२५ च्या समितीने सुमारे २३ कोटी ९० लाख. दात्यांत बँका, ब्रोकर, क्रिप्टो कंपन्या सगळे आहेत. इथे कोण जिंकणार याची जोखीमही नाही, जिंकलेल्यालाच द्यायचे. कायद्यात एकच दुरुस्ती करायची मुभा मला मिळाली तर मी आधी हे दार बंद करीन.

रानजाई

हे सगळं वाचून मला स्वतः नोंदी बघायच्या आहेत. सामान्य माणसाला कुठे आणि कसं बघता येईल? आमच्या पेन्शनचा पैसा हाताळणाऱ्या फंडांची नावं राज्याच्या वार्षिक अहवालात मला सापडली आहेत.

सांजवारा

फेडरल इलेक्शन कमिशनचं संकेतस्थळ, तिथे वैयक्तिक देणग्यांचा शोध. नावाने, गावाने किंवा मालकाच्या नावाने शोधता येतं, पैसे पडत नाहीत. तुम्ही मालकाच्या नावाने सुरुवात करा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मालकाचं नाव देणगीदार स्वतः टाइप करतो, त्यामुळे एकच कंपनी चार प्रकारे लिहिलेली सापडते: पूर्ण नाव, आद्याक्षरं, "एलएलसी" जोडून, चुकीच्या स्पेलिंगने. प्रत्येक रूप वेगळं शोधावं लागतं. दुसरं, मोठ्या भागीदारांच्या पत्त्यावर त्याच तारखेला तेवढ्याच रकमेची दुसरी नोंद बऱ्याचदा असते, व्यवसाय "गृहिणी" किंवा "निवृत्त", मालकाचा रकाना रिकामा. मालकाच्या नावाने शोधलंत तर ती येणार नाही. म्हणून फंडाच्या प्रमुखाचं आडनाव आणि पिनकोड टाकून परत एकदा बघा. सुपर पॅकच्या देणग्या त्याच याद्यांत असतात, फक्त रकमेनुसार उतरत्या क्रमाने लावा म्हणजे वरच दिसतील. फंडांची नावं मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, शनिवारी आपण दोघी मिळून पहिली दहा काढू.